आईच्या डोक्यातला ज्वारीचा दाणा

पत्र:
मावशी, आई ५८ वर्षांची, कराडजवळ गावी असते. मागच्या महिन्यात पहाटे कूस बदलून उठायला गेली आणि गरगरून पडली म्हणून एमआरआय केला. चक्करेचं कारण काही निघालं नाही पण डोक्यात उजव्या बाजूला ४ मिमीचा ॲन्युरिझम, म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीला आलेला फुगा, निघाला, रिपोर्टवर 'एमसीए बायफर्केशन' असं लिहिलंय. आईला बीपी आहे, गोळी आठवली तर घेते, मशेरी दिवसातून तीनदा. पुण्याचे डॉक्टर म्हणाले कॉईल घालून टाकू, कोल्हापूरचे म्हणाले आत्ता काही करू नका, सहा महिन्यांनी परत स्कॅन करा. दादा म्हणतो डोक्यात टाइमबॉम्ब घेऊन कशाला जगायचं, एकदाचं उरकून टाकू. मामा ५१ व्या वर्षी ब्रेन हॅमरेजनी गेला त्यामुळे सगळे टरकलेत, त्यात पुतणीनं त्या इंग्लिश नटीचं, एमिलिया क्लार्कचं, कुठंतरी वाचलंय. आईला आम्ही काहीच सांगितलं नाहीये, मानेत गॅप आहे एवढंच सांगितलंय. कोणाचं ऐकू?
— झोप उडालेली लेक

उत्तर:
अगं लेकी, आधी उठ, स्वयंपाकघरात जा आणि ज्वारीच्या डब्यातला एक दाणा तळहातावर घे. तेवढाच आहे तो. आता मेंदूतल्या ज्या रक्तवाहिनीच्या फाट्यावर तो बसलाय (रिपोर्टवरचं 'एमसीए बायफर्केशन' म्हणजे तोच फाटा) ती पण जेमतेम अडीच-तीन मिमीचीच असते, म्हणजे तिच्या मानाने अगदीच नगण्य नाही, पण 'बॉम्ब' म्हणावं असंही त्यात काही नाही. दादाला हा शब्द पहिला बंद करायला सांग. बॉम्ब फुटण्यासाठीच बनवलेला असतो, हे फुगे बहुतेक कधीच फुटत नाहीत. शंभर मोठ्या माणसांचे एमआरआय काढले तर साधारण तिघांच्या डोक्यात असा फुगा सापडतो. पूर्वी मशीन नव्हतं म्हणून कळत नव्हतं, माणसं शेती करून, पोरांची लग्नं करून, म्हातारी होऊन दुसऱ्याच कशाने तरी जायची.

मी डॉक्टर नाही हे तुम्हाला माहितीये, पण २२ वर्षं न्यूरोच्या ओटीत आणि नंतर कॅथलॅबमध्ये, जिथे रक्तवाहिनीतून नळी घालून इलाज करतात तिथे, सिस्टर म्हणून काढलीत, त्यामुळे डोकं उघडून आणि नळी घालून असे दोन्ही प्रकारचे इलाज हाताच्या अंतरावरून बघितलेत, आणि दोन्हीनंतर बाहेर बाकावर बसलेले नातेवाईकही.

आधी चक्करेचं मिटवू. कूस बदलताना किंवा अंथरुणातून उठताना खोली गरगर फिरते आणि थोड्या वेळात थांबते, हे बहुतेक वेळा कानातलं प्रकरण असतं, आतल्या कानातले बारीक खडे जागा सोडून भलत्या नळीत जातात. ४ मिमीच्या न फुटलेल्या फुग्याने असं होत नाही. ईएनटीवाले पेशंटला टेबलावर आडवं करून मान एका बाजूला लटकावून बघतात आणि मग डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून ते खडे परत जागेवर आणतात, कधीकधी पहिल्याच बैठकीत बरं वाटतं. गंमत बघ, जे दुखणं होतं त्याचं औषध राहिलंच बाजूला आणि जे दुखत नव्हतं त्यासाठी घर जागं राहिलंय. उद्या आईची चक्कर थांबली नाही तर कोणीतरी म्हणणारच की 'बघा, तो फुगाच करतोय', आणि त्या भीतीपोटी ऑपरेशन ठरेल. म्हणून कान आधी दाखवून घ्या.

आता दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतायत म्हणजे एक खोटा आणि एक खरा असं नसतं. दोघांच्या डोळ्यासमोर दोन वेगवेगळे धोके आहेत. एक धोका पुढच्या सगळ्या वर्षांत थोडा थोडा पसरलेला, आणि दुसरा एकाच दिवशी, टेबलावर, सगळा एकदम. एवढंच आहे हे गणित, पण घरी बसून करताना माणूस पहिला धोका फुगवून बघतो आणि दुसऱ्याला 'हॅ, आजकाल काय, मांडीतून वायर घालतात' म्हणून हातावेगळं करतो.

पहिल्या धोक्याचे आकडे बघ. जपानमध्ये ५७२० पेशंटचा मोठा अभ्यास झाला होता, २०१२ मध्ये छापून आला. त्यात सगळे लहानमोठे धरून वर्षाला शंभरात एकापेक्षा थोडे कमी फुटले, पण ३ ते ४ मिमीचे वेगळे काढले तर वर्षाला ०.३६ टक्के, म्हणजे हजार माणसांत वर्षभरात तीन-चार. आणि जपानी लोकांचे फुगे इतरांपेक्षा जास्त फुटतात असं मानतात. त्याआधी २००३ मध्ये अमेरिका, कॅनडा, युरोपचा एक अभ्यास आला, त्यात ज्यांना आधी कधी रक्तस्राव झालेला नाही आणि फुगा मेंदूच्या पुढच्या बाजूच्या रक्तवाहिन्यांवर ७ मिमीच्या आत आहे अशांत पाच वर्षांत एकही फुटला नाही. शून्य. हे सगळ्यांना पचलं नाही, कारण कॅज्युअल्टीत फुटून येणाऱ्यांमध्ये ५-६ मिमीचे भरपूर असायचे, मी स्वतः बघितलेत. पण त्याचं एक साधं कारण आहे, छोटे फुगे असतातच एवढे की त्यातले थोडेसे फुटले तरी संख्या मोठी दिसते. रस्त्यावर टू-व्हीलरच जास्त म्हणून अपघातात टू-व्हीलर जास्त, तसं.

डॉक्टर लोक एक स्कोअर पण काढतात, 'फेजेस' म्हणतात त्याला, २०१४ पासून आहे. देश कुठला, बीपी आहे का, वय ७० च्या वर आहे का, साइज, आधी कधी दुसरा फुगा फुटलाय का, आणि जागा कुठली, एवढ्यावर मार्क. तुझ्या आईचा मी इथे बसून काढला तर जागेचे २ आणि बीपीचा १, टोटल ३ येतात, आणि ३ ला पाच वर्षांत फुटण्याचा धोका ०.७ टक्के धरलाय. हजारात सात. हा तक्ता युरोप, अमेरिका, जपानच्या लोकांवरून बनवलेला आहे, आपली माणसं त्यात नव्हती, शिवाय त्यात मशेरी-सिगारेट धरत नाहीत, घराण्याचा इतिहासही धरत नाहीत. म्हणून तो देवाचा कौल नाही, अंदाज आहे. आणि पाच वर्षांनंतर पण आई असणारच आहे ना, ५८ म्हणजे काही वय नाही, तर वर्षं जोडत गेलं की आकडा वाढतो हेही खरं. हीच बाई ३५ ची असती तर मी एवढ्या निवांतपणे लिहिलं नसतं, आणि ७८ ची असती तर हा स्कॅन फाईलला लावून विसरा म्हणाले असते.

दुसरा धोका. इलाज दोन प्रकारचे, आतून आणि बाहेरून.

आतून म्हणजे कॉइलिंग. मांडीच्या नाहीतर मनगटाच्या धमनीतून बारीक नळी घालतात, छातीतून मानेतून वर डोक्यात नेतात, आणि त्या नळीतून अजून बारीक नळी थेट फुग्याच्या तोंडात. मग प्लॅटिनमची तार सोडतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला सोऱ्यातून शेव पडते ना तसं वाटलं, स्क्रीनवर ती तार आत गेली की आपोआप वेटोळं घेते, एकात एक, लोकरीच्या गुंड्यासारखं, आणि जागेवर बसली की बटन दाबून अगदी बारीक करंट देऊन ती मागच्या वायरपासून सोडवतात. त्या वेळी सगळी कॅथलॅब श्वास रोखून असते, अंगावर शिशाचा तो जड एप्रन, पाठीला घाम, आणि डॉक्टर एकच शब्द म्हणतात, 'सुटली?' गुलिएल्मी नावाच्या डॉक्टरांनी ही सुटणारी तार शोधली, १९९० मध्ये कॅलिफोर्नियात पहिल्या पेशंटला घातली. चांगलीच वस्तू आहे. पण ४ मिमीच्या फुग्यात घालणं म्हणजे ज्वारीच्या दाण्यात सुईने दोरा भरण्यासारखं, जागाच नसते, नळीचं टोक जरा पुढं गेलं की भिंत फाटायची भीती. छोटा आहे म्हणून सोपा असेल हे डोक्यातून काढून टाका, आतून करायला छोटा फुगा काही वेळा जास्त अवघड.

आणि कॉईल घातली म्हणजे 'उरकलं' असंही नाही, हे दादाला खास सांग. पाचातल्या एका माणसात कॉईल दाबली जाऊन फुगा परत थोडा उघडतो, दहातल्या एकाला परत काहीतरी करावं लागतं. त्यामुळे स्कॅन चुकत नाहीतच. फुग्याचं तोंड रुंद असेल तर बाहेरच्या रक्तवाहिनीत स्टेंट टाकतात, किंवा आता फ्लो डायव्हर्टर नावाची दाट जाळी मिळते, ती फुग्याच्या तोंडावरून रक्त पुढे वळवते आणि फुगा हळूहळू आतल्या आत सुकतो. पण स्टेंट किंवा जाळी म्हटलं की रक्त पातळ करायच्या दोन-दोन गोळ्या काही महिने, आणि त्यातली एक बहुतेक कायमची. आता मला सांग, जी बाई बीपीची एक गोळी आठवली तर घेते तिच्या डोक्यात जाळी बसवायची आणि तिने दोन गोळ्या न चुकता घ्याव्यात अशी अपेक्षा करायची? जाळीवर गोळ्या बंद पडल्या तर जाळीच गुठळीने तुंबते. हा मुद्दा पुण्यात कोणी विचारला का?

बाहेरून म्हणजे क्लिपिंग. डोक्याचं हाड थोडं काढून, मायक्रोस्कोपखाली मेंदूच्या दोन भागांमधली चीर उलगडत जायचं आणि फुग्याच्या मानेला टायटॅनियमचा चिमटा लावायचा. कपडे वाळत घालायच्या चिमट्याचंच तंत्र, फक्त नखाएवढा. १९३७ मध्ये बाल्टिमोरला वॉल्टर डँडी या सर्जननी असा चिमटा पहिल्यांदा लावला, तेव्हा तो चांदीचा होता. ऐकायला भयानक वाटतं, डोकं उघडणं, पण तुझ्या आईच्या रिपोर्टवर जी जागा लिहिलीये ना, एमसीए बायफर्केशन, ती क्लिपिंगवाल्या सर्जनची आवडती जागा आहे. कानाच्या वरच्या बाजूला, कवटीपासून फार खोल नाही, आणि तिथे फाट्यातून निघणारी फांदी बऱ्याचदा फुग्याच्या बुडातूनच निघते त्यामुळे कॉईलला अडचण होते. म्हणून बऱ्याच ठिकाणी या जागेला अजूनही क्लिप पसंत करतात. चिमटा नीट बसला की परत उघडण्याची भानगड जवळजवळ नाही. आजच्या टायटॅनियमच्या क्लिपवर एमआरआय पण करता येतो, फक्त क्लिपचं कार्ड जपून ठेवायचं आणि दर वेळी दाखवायचं. अमेरिकेचे जो बायडेन, त्यांची १९८८ मध्ये दोन फुग्यांची ऑपरेशनं झाली होती, फेब्रुवारीत एक आणि मे मध्ये दुसरं, आणि माणूस २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. त्यामुळे 'डोकं उघडलं की माणूस कामातून गेला' असं काही नाही.

पण. २०१९ मध्ये जगभरचे बरेच अभ्यास एकत्र करून मोजदाद आली होती, त्यात न फुटलेल्या फुग्यांवर इलाज करताना महिन्याभरात काहीतरी कॉम्प्लिकेशन झालेले आतून इलाज केलेल्यांत शंभरात साधारण पाच, आणि ऑपरेशनवाल्यांत शंभरात आठ. दगावणारे फार थोडे, दोन्हीत हजारात तीनच्या आत. सगळे कॉम्प्लिकेशन कायमचे नसतात, काही आठ दिवसांत जातात, काही मात्र राहतात. एक बाई होती माझ्या ड्युटीत, साधारण आईच्याच वयाची, छोटाच फुगा, चालत आली होती, नवऱ्यासाठी डबा करून आली होती घरून. शुद्धीवर आल्यावर उजवा हात उचलेना. कोणाची चूक नव्हती, गुठळी गेली. सहा महिन्यांनी हात बराचसा आला पण भाकरी थापता येत नव्हती, आणि ती मला म्हणाली, सिस्टर, मला तर काही होत नव्हतं ना ओ. याला काय उत्तर द्यायचं.

आता हजारात सात, आणि शंभरात पाच ते आठ, हे दोन आकडे शेजारी ठेव. पहिला पाच वर्षांचा आहे, दुसरा एका महिन्याचा. म्हणून कोल्हापूरचे थांबा म्हणतायत. माझा कल पण तिकडेच आहे, सरळ सांगते.

फक्त 'आत्ता काही करू नका' हे त्यांचं वाक्य मला आवडलं नाही, किंवा तुम्ही अर्धवट ऐकलंत. थांबणं म्हणजे काही न करणं नाही. थांबायचं ठरलं तर बीपी दोन वेळा मोजून वहीत लिहायचं, गोळी रोज ठरलेल्या वेळेला, चहाच्या डब्यावर पट्टी ठेवली की विसरत नाही. आकडा १४०-९० च्या खाली हवाच, जमलं तर १३०-८० च्या आसपास, किती ते डॉक्टर ठरवतील. मशेरी बंद. यावर मी वाद घालणार नाही. मला माहितीये गावाकडच्या बायकांना मशेरीशिवाय पोट साफ होत नाही असं वाटतं, त्यासाठी रात्री इसबगोल, पाणी, पपई, काय हवं ते द्या, आणि तसंही कुंथणं चांगलं नाहीच या प्रकारात. निकोटिन अंगात गेलं की बीपी चढतं, तीन वेळा मशेरी म्हणजे तीन वेळा ढकलणं. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती पण बाहेर. इकोस्प्रिन, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी, स्वतःच्या मनाने चालू करू नका, चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंदही करू नका. बाकी बाईला काचेच्या कपाटात ठेवायची गरज नाही. एसटीने फिरू दे, वारीला जाऊ दे, उपास करू दे, नातवंडं घेऊ दे. भरलेला हंडा किंवा पोतं श्वास कोंडून उचलू नये एवढंच. आणि तिला राग येऊ न देणं हे औषधात मोडत असेल तर ते तुम्हा भावंडांच्या हातात आहे.

स्कॅनचं पण नीट समजून घे. दर वेळी डाय घालून अँजिओग्राफी करायची नसते, एमआर अँजिओचा एक प्रकार आहे टीओएफ नावाचा, त्यात इंजेक्शन नाही, रेडिएशन नाही. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पहिला, तसाच राहिला तर मग वर्षा-दोन वर्षांनी. पण शक्यतो त्याच सेंटरला, त्याच मशीनवर, आणि जुनी सीडी घेऊन. नाहीतर कराडच्या मशीनवर ४ आणि पुण्याच्या मशीनवर ४.६ येतं आणि घरात रडारड होते की वाढला, तर वाढलेला नसतो, मोजणारा बदललेला असतो. खरंच वाढला किंवा त्याच्या अंगावर अजून एक छोटी फुगी आली, रेडिओलॉजिस्ट त्याला 'डॉटर सॅक' म्हणतात, तर मात्र थांबायचं गणित संपलं, मग इलाजाकडे जायचं. आत्ताच्या रिपोर्टमध्ये फुग्याचा आकार गोल गुळगुळीत आहे की ओबडधोबड, याबद्दल काही लिहिलंय का ते बघ, तू मला फक्त साइज लिहिलीस. आणि अजून एक, साध्या एमआरआयवर एवढा छोटा फुगा कधीकधी नुसता रक्तवाहिनीचा वळसा पण निघतो. म्हणून इलाजाचा विचार करण्याआधी सीटी अँजिओ किंवा डीएसए (नळी आत घालून, डाय सोडून काढलेले रक्तवाहिन्यांचे फोटो) करून तो खरंच आहे का, तोंड केवढं, फांदी कुठून निघते हे बघतातच. डीएसएवरून सरळ कॉईलकडे जाऊ नका हं, 'आत गेलोच आहोत तर करून टाकू' याला आधीच नाही म्हणून ठेवा. फोटो बघून, घरी येऊन, बोलून मग.

आता मामा. पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू सगळ्यात घाईत लिहिलीस. 'ब्रेन हॅमरेज' आपल्याकडे सगळ्यालाच म्हणतात. बीपीने मेंदूच्या आत रक्तस्राव होतो तो वेगळा, आणि फुगा फुटून मेंदूच्या भोवतीच्या आवरणात रक्त पसरतं तो वेगळा, त्याला सबॲरक्नॉइड हॅमरेज म्हणतात, फाईलवर नुसतं एसएएच लिहिलेलं असतं. मामीला विचार, ट्रंकेत, गादीखाली, एलआयसीच्या कागदांत कुठेतरी डिस्चार्ज कार्ड किंवा डेथ समरी असेल, क्लेम केला असेल तर नक्कीच. मामाचं बीपीने झालं असेल तर आईच्या फुग्याशी त्याचा तसा संबंध नाही. पण एसएएच लिहिलेलं निघालं तर गोष्ट बदलते, सख्ख्या भावाचा फुटलेला आणि बहिणीच्या डोक्यात सापडलेला, म्हणजे हे घराण्यात आहे, आणि अशा घराण्यातले छोटे फुगे इतरांपेक्षा जास्त फुटतात असं दिसलंय. मग मी वर जो कल सांगितला तो मी स्वतःच परत तपासेन, मग आईची बाकीची सख्खी भावंडं पण एकदा एमआर अँजिओ करून घेऊ देत, आणि तुझं नि दादाचं काय ते त्याच डॉक्टरांना विचारा. तो वरचा स्कोअर हे काही धरत नाही ना, म्हणून तर म्हटलं कौल नाही.

एमिलिया क्लार्कची गोष्ट पुतणीला पूर्ण वाचायला सांग. तिचा पहिला फुगा २०११ मध्ये फुटला होता, व्यायाम करताना, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला एक छोटा सापडला, तो नुसता लक्ष ठेवून होते. २०१३ च्या स्कॅनमध्ये तो दुप्पट दिसला म्हणून इलाज करायला घेतला, आतून जमलं नाही, रक्तस्राव झाला आणि डोकं उघडावं लागलं. भयंकर होतं तिचं, पण ज्याचा एक आधी फुटलाय त्याचा दुसरा आणि ज्याला कधीच काही झालं नाही त्याचा एकुलता एक, हे दोन वेगळे हिशेब आहेत. आणि त्या गोष्टीत लक्ष ठेवल्यामुळेच वाढलेला कळला, हेही वाच म्हणावं.

आता माझा खरा राग. मानेत गॅप! अगं, डोकं तिचं, फुगा तिचा, आणि कुठल्या पायरीवर काय धोका घ्यायचा हे तुम्ही दोघं व्हॉट्सॲपवर ठरवताय. बीपीची गोळी आणि मशेरी हा सगळ्या इलाजाचा पाया, आणि तिला मानेत गॅप आहे असं सांगितल्यावर ती मशेरी का सोडेल? मान दुखली की बाम लावेल. मी ओटीच्या दाराशी अशा कितीतरी आया बघितल्यात, ज्यांना 'छोटंसं काहीतरी आहे' एवढं सांगून आणलेलं असायचं आणि डोक्याचे केस कापायला आलेल्या मावशींना त्या विचारायच्या, 'बाई, मानेचं आहे ना, मग केस कशाला?' ते परत बघायची माझी इच्छा नाही. तुम्ही घाबरलात म्हणून ती घाबरेल असं तुम्हाला वाटतंय. नवरा, शेत, सासू, दुष्काळ हे सगळं काढलेली बाई आहे ती. दुपारी जेवणं झाल्यावर, दादा फोनवर नसताना, तो ज्वारीचा दाणा तिच्या हातावर ठेव आणि सांग, एवढा एक फुगवटा निघालाय, बऱ्याच लोकांना असतो, बहुतेकांना काही होत नाही, पण बीपी आणि मशेरी त्याला आवडत नाही. मग ती काय म्हणते ते ऐक. काही माणसांना डोक्यात काही आहे हे कळल्यावर खरंच झोपच लागत नाही, महिनोन्महिने, अशांसाठी काढून टाकणं हाही योग्य निर्णय असतो, डॉक्टरही ते धरतात. पण ती झोप तिची मोजायची, दादाची नाही.

इलाजाकडे जायची वेळ आलीच तर जिथे क्लिप आणि कॉईल दोन्ही करणारे एकाच टीममध्ये बसून बोलतात अशा ठिकाणी जा, नाहीतर ज्याच्या हातात जे हत्यार तेच तो सुचवतो, यात लबाडी असतेच असं नाही, हात तिकडे वळतो. मुंबईला केईएम आहे, वेळ जातो पण मत मिळतं. विचारायचं एवढंच की या जागेचे, या साइजचे तुम्ही स्वतः वर्षाला किती करता आणि त्यात किती जणांना त्रास झाला. जो डॉक्टर यावर चिडत नाही तो बरा. पैशाचं दादा बघेलही, पण जाळी किंवा स्टेंट लागला तर लाखांत जातं, आयुष्मान आणि महात्मा फुले योजनेत काय बसतं, किती कॉईल पॅकेजमध्ये आणि वरची कोणाच्या खिशातून, हे ॲडमिशनच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारून कागदावर लिहून घ्या.

आणि एक गोष्ट घरात सगळ्यांना पाठ हवी, शेजारच्या काकूंना पण. अचानक, एका मिनिटाच्या आत, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं फुटल्यासारखं दुखलं, उलटी झाली, मान ताठली, शुद्ध हरपली, किंवा एक पापणी एकदम खाली पडून दोन-दोन दिसायला लागलं, तर लिंबू-सरबत, डिस्प्रिन, 'पित्त झालं असेल' यात एक मिनिट घालवायचं नाही. १०८ लावा आणि जिथे सीटी स्कॅन आहे तिथेच न्या. रोजची कपाळाची ठणठण, उन्हातून आल्यावरचं डोकं दुखणं, त्यासाठी मध्यरात्री गाडी काढायची नाही.

मामाची फाईल सापडली की त्यावरचा नुसता डायग्नोसिसचा कोपरा मला लिहून पाठव. आणि आईला सांगून झालं की विचार, चक्कर कुठल्या कुशीवर येते, उजव्या की डाव्या, ईएनटीवाले पहिलं तेच विचारणारेत.